कॅनडातील हिवाळी टायर : निवड कशी करावी आणि खरेदी केव्हा करावी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ओटावा आणि आसपासच्या भागात नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे सप्टेंबर ते डिसेंबर या काळात टायरविषयी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः ओंटारियो आणि क्वेबेक या प्रांतांतील आहेत, कारण नदीच्या अलीकडे ओंटारियोतले ओटावा आणि पलीकडे क्वेबेकमधले गॅटिनो अशी येथील अनेकांची रोजची ये-जा असते आणि दोन्ही तीरांवरचे नियम वेगळे आहेत. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. आपण मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतो. परंतु टायरच्या दृष्टीने आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम आणि रस्त्यावर गोठलेला टणक बर्फ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून पुढे हे दोन शब्द त्याच अर्थाने वापरले आहेत.

पुण्या-मुंबईत बाराही महिने एकच टायर चालतो. मग येथे हिवाळ्यासाठी वेगळे टायर का घ्यावे लागतात?

टायर रस्त्याला धरून राहतो तो रबराच्या मऊपणामुळे. डांबराचा पृष्ठभाग वरून सपाट दिसला तरी तो खडबडीत असतो आणि रबर त्या बारीक उंचवट्यांवर दबून बसते, तेव्हाच पकड मिळते. तापमान उतरत गेले की साध्या टायरचे रबर कडक होत जाते आणि हे दबणे कमी होते. हिवाळी टायरच्या रबरात सिलिकाचे प्रमाण आणि इतर घटक असे ठेवलेले असतात की शून्याखाली बराच खाली गेल्यावरही ते लवचिक राहते. जानेवारीच्या सकाळी, रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या टायरवर अंगठ्याचे नख दाबून पाहिले तर फरक लगेच कळतो : हिवाळी टायरच्या नक्षीच्या ठोकळ्यात नख थोडे रुतते, तर साध्या टायरवर ते घसरते.

दुसरा भाग नक्षीचा. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या अनेक बारीक, नागमोडी चिरा असतात. गाडी चालू असताना या चिरा किंचित उघडतात, त्यांच्या शेकडो कडा हिमाला आणि बर्फाला ओरबाडतात आणि बर्फावरचा पाण्याचा पातळ थर त्यांच्यात ओढला जातो. मोठ्या खाचांमध्ये हिम दाबून बसते, आणि हिमाची हिमावर पकड चांगली असते. त्यामुळे खाचांत हिम भरलेला टायर पाहून तो निकामी झाला असे समजण्याचे कारण नाही.

हिम पडलेलेच नसेल तर हिवाळी टायरचा उपयोग काय? ७ अंशांचा नियम काय आहे?

दिवसाचे तापमान सातत्याने ७ अंश सेल्सिअसच्या खाली राहू लागले की हिवाळी टायर बसवावेत, असा सल्ला टायर कंपन्यांपासून वाहतूक खात्यांपर्यंत सगळेच देतात. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. ६ अंशांना कोरड्या रस्त्यावर चांगला ऑल सीझन, म्हणजे येथील गाड्यांवर एरवी असणारा साधा टायर, व्यवस्थित थांबतो, आणि काही वेळा हिवाळी टायरपेक्षा कमी अंतरातही थांबतो. पण ७ अंशांच्या आगेमागे असलेल्या दिवसांच्या पहाटे शून्यावर येतात, आदल्या दिवशीचा पाऊस पुलांवर आणि उतारांवर गोठतो, आणि तो बर्फ इतका पारदर्शक असतो की खालचे काळे डांबरच दिसते. यालाच येथे ब्लॅक आइस म्हणतात.

माझ्या येथील पहिल्या नोव्हेंबरमध्ये, जमिनीवर हिमाचा एक कणही नसताना, घरामागच्या लहानशा उतारावर ताशी २० किलोमीटरच्या वेगात ब्रेक दाबला, तेव्हा पायाखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, खरखर सुरू झाली आणि गाडी स्टॉपची पाटी ओलांडून चौकाच्या मधोमध जाऊन शांतपणे उभी राहिली. समोरून कोणी येत नव्हते, एवढेच. टायरच्या दुकानातली अपॉइंटमेंट त्यापुढच्या आठवड्याची होती.

बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्याच्या आसपास, जेव्हा त्यावर पाण्याचा थर असतो. उणे २० अंशांना कोरडा बर्फ तुलनेने बरी पकड देतो. म्हणजे थंडी वाढेल तसा धोका वाढतो, हा समज अर्धाच खरा आहे. हिवाळ्याची सुरुवात आणि शेवट हेच खरे फसवे दिवस आहेत.

गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे. तरीही हिवाळी टायर लागतील का?

लागतील. चारही चाकांना शक्ती मिळाल्याने गाडी हिमातून सुटते आणि चढ चढते, हे खरे आहे आणि त्याचा उपयोगही आहे. परंतु ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात, आणि थांबण्याचे अंतर वेग आणि रस्त्यावरची पकड या दोनच गोष्टींवर ठरते. शाळेतले भौतिकशास्त्र येथे कामाला येते : अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले पकडीचा गुणांक, गुरुत्वाकर्षण आणि दोन यांचा गुणाकार. कोरड्या डांबरावर हा गुणांक साधारण ०.७ धरला तर ताशी ५० किलोमीटरवरून गाडी सुमारे १४ मीटरमध्ये थांबते. ओल्या बर्फावर तो ०.१ पर्यंत उतरला तर तेच अंतर ९८ मीटरच्या आसपास जाते. या सूत्रात गाडीचे वजन नाही, किंमत नाही, आणि इंजिन किती चाके फिरवते हेही नाही. जो गुणांक आपल्या हातात आहे, तो टायर बदलूनच वाढवता येतो.

जोराच्या हिमवर्षावानंतर हायवेच्या कडेच्या खड्ड्यात ज्या गाड्या दिसतात, त्यांत मोठ्या एसयूव्ही पुष्कळ असतात. वेग सहज येतो, म्हणून आपण सुरक्षित आहोत असे वाटते, आणि पकड कमी असल्याचे पहिल्यांदा कळते ते थांबण्याची वेळ येते तेव्हा.

चारऐवजी दोनच टायर घेऊन पैसे वाचवता येतील का?

नाही, आणि या उत्तराला अपवाद नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला फक्त पुढे हिवाळी टायर लावले तर वळणावर पुढचा भाग रस्त्याला धरून राहतो आणि मागचा भाग घसरून बाहेर फेकला जातो. गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. फक्त मागे लावले तर स्टीअरिंग फिरवूनही गाडी सरळच जात राहते. चारही टायर एकाच बनावटीचे आणि साधारण सारख्या झिजेचे असावेत. येथील बहुतेक दुकाने दोनच टायर बसवायला नकार देतात किंवा ग्राहकाची लेखी संमती मागतात. पैसे वाचवायचेच असतील तर चार स्वस्त हिवाळी टायर हे दोन महाग टायरपेक्षा केव्हाही बरे.

कायद्याने हिवाळी टायर सक्तीचे आहेत का?

प्रांताप्रांतात नियम वेगळे आहेत. क्वेबेकमध्ये ही सक्ती २००८ पासून आहे. सुरुवातीला तिचा काळ १५ डिसेंबरपासून होता. २०१९ पासून तो १ डिसेंबर ते १५ मार्च असा झाला आहे. क्वेबेकमध्ये नोंदणी झालेल्या गाड्या, टॅक्सी आणि तेथे भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्या यांना तो लागू आहे, आणि नियम मोडल्यास २०० ते ३०० डॉलर दंड आहे. ओंटारियोची नंबर प्लेट असलेली गाडी पूल ओलांडून गॅटिनोला गेली तर ही सक्ती तिच्यावर नसते. रस्ता मात्र तोच असतो.

ओंटारियोत सक्ती नाही. तेथे सरकारने वेगळा मार्ग घेतला : १ जानेवारी २०१६ पासून हिवाळी टायर लावणाऱ्या ग्राहकाला सवलत देणे प्रत्येक वाहनविमा कंपनीवर बंधनकारक आहे. सवलत हप्त्याच्या काही टक्केच असते. परंतु ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. चार टायरचे बिल जपून ठेवावे आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत टायर गाडीवर असायला हवेत, हे विमा कंपनीला विचारून घ्यावे.

ब्रिटिश कोलंबियात डोंगराळ भागांतील बहुतेक मार्गांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, आणि काही ठरावीक मार्गांवर ३१ मार्चपर्यंत, हिवाळी टायर लागतात. तशा पाट्या रस्त्यावर असतात. तेथे नक्षीची खोली किमान ३.५ मिलिमीटर असावी लागते. व्हँकुव्हर शहरात राहून टायरची गरजच भासत नसली, तरी डोंगरांतून जाणाऱ्या रस्त्याने व्हिसलरला किंवा केलोनाला जायचे ठरले की हा नियम आठवावा.

जर्मनीत राहणारे नातेवाईकही हाच प्रश्न विचारतात, म्हणून थोडक्यात : तेथे तारीख ठरलेली नाही, रस्त्यावर हिम किंवा बर्फ असेल तेव्हा योग्य टायर असलाच पाहिजे असा नियम आहे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह (त्याविषयी पुढच्या प्रश्नात) असलेलेच टायर ग्राह्य धरले जातात. ऑक्टोबर ते ईस्टर असा तेथील लोकांचा सोपा आडाखा आहे.

टायरवर ‘एम+एस’ लिहिले आहे. म्हणजे तो हिवाळी टायर झाला का?

बहुधा नाही. ‘एम+एस’ म्हणजे चिखल आणि हिम. हे शब्द नक्षीत रिकाम्या खाचांचे प्रमाण पुरेसे आहे एवढेच सांगतात. त्यासाठी हिमावर चाचणी झालेली असावी लागत नाही. जवळजवळ प्रत्येक ऑल सीझन टायरवर ते लिहिलेले असते आणि नव्याने आलेल्या माणसाची फसगत होते ती येथेच.

पाहायचे ते टायरच्या बाजूवर कोरलेले तीन शिखरांच्या डोंगराचे आणि त्यातल्या हिमकणाचे चिन्ह. १९९९ पासून वापरात असलेले हे चिन्ह मिळवण्यासाठी टायरला दाबलेल्या हिमावर चाचणी द्यावी लागते आणि ठरावीक संदर्भ टायरच्या १०० गुणांच्या तुलनेत किमान ११० गुण मिळवावे लागतात. क्वेबेकचा कायदाही याच चिन्हावर चालतो. तरीही या चिन्हाची मर्यादा लक्षात ठेवावी : उत्तर अमेरिकेतील ही चाचणी हिमावर पुढे जाण्याच्या पकडीची आहे, बर्फावर थांबण्याची नाही. म्हणून चिन्ह असलेले सगळेच टायर सारखे नसतात. पात्रतेची ती किमान पायरी समजावी.

मग वर्षभर चालणारा ‘ऑल वेदर’ टायर का घेऊ नये?

‘ऑल सीझन’ आणि ‘ऑल वेदर’ ही नावे मुद्दाम गोंधळात टाकण्यासाठी ठेवली असावीत, असे अनेकदा वाटते. ऑल सीझनवर डोंगराचे चिन्ह बहुतेक वेळा नसते. ऑल वेदरवर ते असते आणि तो क्वेबेकमध्येही कायदेशीर आहे. ज्यांचे येणे-जाणे शहरातच आहे, ज्यांना घरून काम करण्याची मुभा आहे, टोरांटो किंवा मिसिसागासारख्या ठिकाणी जेथे रस्ते लवकर साफ होतात, आणि ज्यांच्याकडे टायर ठेवायला जागा नाही, त्यांच्यासाठी हा समजूतदार पर्याय आहे. परंतु तो दोन्ही ऋतूंशी जमवून घेतो, म्हणून बर्फावर तो अस्सल हिवाळी टायरच्या मागे असतो आणि उन्हाळ्यात थोडा लवकर झिजतो. ओटावात जानेवारीचे सरासरी तापमान उणे १० अंशांच्या आसपास असते. रोज पहाटे रुग्णालयातल्या पाळीवर जाणाऱ्या व्यक्तीला मी ऑल वेदर सुचवणार नाही.

खरेदी नेमकी केव्हा करावी?

विकत घेण्याची वेळ आणि बसवण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एक समजल्यामुळेच बहुतेकांची ओढाताण होते.

दुकानांत नवा माल ऑगस्टच्या अखेरीपासून येऊ लागतो. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सगळे साइझ उपलब्ध असतात, कंपन्यांच्या चार टायरवरच्या परताव्याच्या योजना साधारण याच सुमारास सुरू होतात आणि दुकानदाराला आपल्याशी बोलायला वेळ असतो. हिवाळी टायरचे उत्पादन आधीच झालेले असते. ऐन मोसमात एखादा साइझ संपला तर तो पुन्हा येईलच असे नाही. सिव्हिक, कोरोला, रॅव-४ यांसारख्या रस्त्यावर सगळीकडे दिसणाऱ्या गाड्यांचे साइझ खूप विकले जातात, म्हणून त्यांचा साठाही मोठा असतो. अडचण येते ती नव्या मॉडेलच्या मोठ्या, १९ किंवा २० इंची चाकांची. त्यांचे पर्याय मुळातच कमी, आणि ते आधी संपतात.

पहिले हिम पडले की दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रत्येक दुकानाचा फोन खणखणू लागतो. गणपतीच्या आदल्या रात्री मखर शोधायला निघाल्यासारखी ती गत असते : मिळेल ते घ्यावे लागते आणि बसवण्याची तारीख दोन-तीन आठवड्यांनंतरची मिळते. म्हणून टायर घेतानाच, म्हणजे सप्टेंबरमध्येच, बसवण्याची तारीख ठरवून टाकावी. ओटावात सकाळचे तापमान ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ७ अंशांच्या खाली नियमित राहू लागते आणि नोव्हेंबरमध्ये दिवसाचे सरासरी तापमानही शून्याच्या जवळ येते, त्यामुळे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा ही योग्य वेळ. हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या, आगेमागे, असे येथे तोंडी सांगितले जाते, आणि लक्षात ठेवायला ते सोपे आहे. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ही कायद्याची शेवटची तारीख आहे. हवामानाने ती पाळावी असे कोणी त्याला सांगितलेले नाही.

मार्च-एप्रिलमध्ये उरलेल्या मालावर चांगली सूट मिळते. आपला साइझ शिल्लक असेल तर जरूर घ्यावेत. न वापरलेला टायर थंड, अंधाऱ्या जागी ठेवला तर सहा-आठ महिन्यांत त्याचे काही बिघडत नाही. मात्र गाडी पुढच्या वर्षी बदलायचा विचार असेल तर हा मोह टाळावा. नव्या गाडीचा साइझ जुळेलच असे नाही.

जे मे-जूनमध्ये भारतातून येतात आणि ऑगस्टमध्ये गाडी घेतात, त्यांना एक व्यावहारिक सूचना : गाडीची किंमत ठरवतानाच हिवाळी टायर आणि रिम यांचा भाव विचारावा. सेकंड हँड गाडी विकणाऱ्याकडे हिवाळी संच पुष्कळदा तळघरात पडलेला असतो आणि सौद्यात तो थोडक्यात मिळतो.

टायरवरचे आकडे कसे वाचावेत?

समजा टायरवर २०५/५५ आर १६ ९१ एच असे आहे. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा इंचांतला व्यास. ९१ हा भाराचा निर्देशांक. तो एका टायरला ६१५ किलो पेलण्याची क्षमता सांगतो आणि तो गाडीसाठी सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी कधीही नसावा. एच हे वेगाचे अक्षर ताशी २१० किलोमीटरसाठी आहे. हिवाळी टायरवर पुष्कळदा टी, म्हणजे १९०, किंवा आर, म्हणजे १७०, असते. येथील महामार्गांची वेगमर्यादा पाहता त्याने काही अडत नाही.

गाडीचा मूळ साइझ आणि हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. दुकानात फोन करण्यापूर्वी तिचा फोटो काढून घ्यावा.

वेगळे रिम घ्यावेत का, आणि लहान रिम चालतात का?

शक्य असेल तर घ्यावेत. एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर काढ-घाल केली की दर वेळी बॅलन्सिंगचा खर्च येतो आणि टायरची रिमवर बसणारी कड दर वेळी ताणली जाते. रिमसह संच तयार असेल तर बदलण्याची मजुरी बरीच कमी लागते, आणि जॅक व पाना हाताळण्याची सवय असेल तर काम घरच्या घरी होते. तीन-चार हिवाळ्यांत रिमचे पैसे साधारण वसूल होतात. काळे लोखंडी रिम दिसायला साधे असतात, पण रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाने चकचकीत अलॉय खराब होण्यापेक्षा ते बरे.

एक इंच लहान रिम घेणे हा येथील जुना शहाणपणा आहे. २२५/४५ आर १७ ऐवजी २०५/५५ आर १६ घेतला तर चाकाचा एकूण व्यास साधारण ६३४ ऐवजी ६३२ मिलिमीटर होतो, म्हणजे स्पीडोमीटरला तो फरक जाणवत नाही. टायर अरुंद असल्याने तो साचलेले हिम कापत खाली जातो, बाजू उंच असल्याने वसंतातल्या खड्ड्यांत रिम वाकत नाही, आणि टायर स्वस्तही पडतो. मात्र लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे चाकाच्या आतल्या ब्रेकच्या चिमट्यावर, बसतो की नाही, याची खात्री आपल्या गाडीच्या मॉडेलनुसार करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसऱ्या संचात हवेच्या दाबाचे सेन्सर नसतील तर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा हिवाळाभर पेटलेला राहतो. कॅनडात सेन्सर असण्याची सक्ती नाही, त्यामुळे दिव्याकडे दुर्लक्ष करून दर पंधरा दिवसांनी हवा हाताने तपासणारेही पुष्कळ आहेत. ती शिस्त नसेल त्यांनी सेन्सर बसवावेत.

कोणत्या कंपनीचा टायर घ्यावा?

फिनलंडची जी रबर कंपनी पुढे फोन बनवणाऱ्या नोकियात विलीन झाली, तिने १९३४ मध्ये ट्रकसाठी हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘हाक्कापेलिता’ हे नाव आणले. नोकियन या नावाने ते टायर आजही येथे मिळतात. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक आणि मिशलँचा एक्स-आइस हे दोन्ही बर्फावरच्या पकडीसाठी ओळखले जातात, आणि माझ्या अनुभवात एक्स-आइस झिजायला अधिक वेळ घेतो. नाव ओळखीचे नसल्याने दुर्लक्षिला जाणारा एक ब्रँड म्हणजे व्रेडेस्टाइन. ही डच कंपनी २००९ पासून आपल्याकडच्या अपोलो टायर्सच्या मालकीची आहे.

ब्रँडपेक्षा प्रकार आधी ठरवावा. एक प्रकार उत्तरेकडच्या कडाक्यासाठी, अतिशय मऊ रबराचा. दुसरा युरोपातल्या वेगवान, ओल्या रस्त्यांसाठी, थोडा टणक आणि स्टीअरिंगला अधिक तत्पर. ओटावा, माँट्रियल, एडमंटन, विनिपेग येथे पहिलाच घ्यावा.

खिळे असलेले टायर घ्यावेत का?

शहरात राहणाऱ्याला त्यांची गरज नसते. टणक, ओल्या बर्फावर त्यांच्यासारखी पकड दुसऱ्या कशालाही नाही, पण साफ केलेल्या रस्त्यावर ते सतत कडकडतात आणि डांबर खरवडतात. ओंटारियोत ते फक्त उत्तरेकडच्या रहिवाशांना वापरता येतात. क्वेबेकमध्ये १५ ऑक्टोबर ते १ मे या काळात परवानगी आहे. जपानमध्ये अशा टायरांनी उडालेल्या रस्त्याच्या धुळीचा त्रास इतका झाला, की १९९० मध्ये त्याविरुद्ध कायदाच करावा लागला. खिळ्यांशिवाय बर्फावर टिकणारे रबर शोधण्यात जपानी कंपन्या पुढे गेल्या, त्यामागे हेही एक कारण आहे.

वापरलेले टायर घेणे सुरक्षित आहे का?

पाहून घेतले तर हरकत नाही. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे उत्पादनाची वेळ सांगतात : ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर, त्याची नक्षी कितीही खोल असली तरी, घेऊ नये, कारण हिवाळी टायर ज्या मऊपणासाठी घ्यायचा तोच तोपर्यंत उतरलेला असतो. नवा टायर साधारण ८ ते ९ मिलिमीटर खोलीचा असतो. कायदेशीर किमान मर्यादा बहुतेक ठिकाणी १.६ मिलिमीटर असली, तरी ५ मिलिमीटरच्या खाली गेलेला हिवाळी टायर हिमात फारसा कामाचा राहत नाही. आपल्याकडे टायर पूर्ण गोटा होईपर्यंत वापरण्याची सवय असते. येथे निम्म्यावर आलेलाच टायर म्हातारा समजावा. खोली मोजायचे साधन काही डॉलरना मिळते. ते खिशात घेऊनच विक्रेत्याकडे जावे.

बसवल्यानंतर काय तपासावे?

पहिल्याने बाण. अनेक हिवाळी टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले असतात आणि बाजूवर बाण असतो. घाईच्या दिवसांत एका गॅरेजने माझ्या गाडीचा एक टायर उलट्या दिशेने चढवला होता, आणि ते लक्षात आले तेही घरासमोर हिम उपसताना, फावड्यावर हात टेकून उगाच चाकाकडे पाहत उभा होतो तेव्हा. दुसरे म्हणजे नट : ८० ते १०० किलोमीटर चालवल्यावर ते टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा आवळून घ्यावेत.

तिसरी गोष्ट हवा. तापमान दर ५ ते ६ अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने कमी होतो. गॅरेजच्या उबेत २० अंशांना भरलेली ३५ पीएसआय हवा बाहेर उणे २० झाल्यावर २८ च्या आसपास येते, आणि त्याचा अर्थ टायर पंक्चर झाला असा नसतो. दाब सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, बाहेरच्या थंडीतच मोजावा. हिमात पकड वाढावी म्हणून मुद्दाम हवा कमी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

इलेक्ट्रिक गाडीसाठी वेगळे टायर लागतात का?

बॅटरीमुळे गाडी जड असते, म्हणून भाराचा निर्देशांक काटेकोरपणे पाळावा. हिवाळ्यात या गाड्यांचे एका चार्जिंगमधले अंतर थंडीमुळे तसेही कमी होते, आणि मऊ टायरमुळे ते आणखी थोडे घटते. पाय उचलताच गाडी आपोआप मंदावण्याची सोय निसरड्या रस्त्यावर सौम्य करून ठेवावी.

भारतात, मनालीला जाताना, असे टायर लावतात का?

सहसा नाही. सोलंग आणि अटल बोगद्याच्या परिसरात हिम पडले की पोलीस फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. साखळी ही काही किलोमीटरच्या हिमासाठी असते आणि ती लावून गाडी अगदी हळू चालवायची असते. येथील हिवाळा पाच महिन्यांचा असल्याने ती तुलना लागू पडत नाही.

हिवाळी टायर काढावेत केव्हा आणि ठेवावेत कोठे?

क्वेबेकची सक्ती १५ मार्चला संपते, पण त्या दिवशी टायर काढणारा माणूस एप्रिलमधल्या एखाद्या हिमवर्षावात हमखास सापडतो. तापमान सातत्याने ७ अंशांच्या वर राहू लागेपर्यंत, म्हणजे ओटावात एप्रिलच्या मध्यापर्यंत किंवा त्यानंतरही, थांबावे. त्यापुढे मात्र आळस करू नये. उन्हाळ्याच्या तापलेल्या डांबरावर हे मऊ रबर झपाट्याने झिजते आणि ब्रेकलाही कमी दाद देते.

धुऊन, पूर्ण कोरडे करून, काळ्या पिशवीत बांधून थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावेत. रिमसह असतील तर एकावर एक आडवे, नुसते टायर असतील तर उभे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना पुष्कळ टायर दुकाने हंगामाच्या भाड्याने जागा देतात.

काढताना प्रत्येक टायरवर खडूने जागा लिहून ठेवावी. आमच्याकडे ‘डापु’, ‘उपु’, ‘डामा’ आणि ‘उमा’ असे लिहिलेले असते, म्हणजे डावे पुढचे, उजवे पुढचे, डावे मागचे आणि उजवे मागचे. तळघरात गेलेल्या मुलीने एकदा ही उमा कोण, असे विचारले होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर अधिक झिजतात, म्हणून पुढच्या ऑक्टोबरमध्ये मागचे पुढे घ्यावेत, बाजू न बदलता, कारण बाण असलेला टायर दुसऱ्या बाजूला गेला की उलटा फिरतो. उमा त्या वर्षी उजवीकडेच राहते, फक्त पुढे येते.